आबांनी पुसलेलं भिंग

मित्रांनो, माझ्या अवताराकडे पाहून हसू नका. माझा पट्टा सैल पडला आहे, कडेचा स्पंज भुगा होऊन गळतो आहे. पण एके काळी मी बर्फात वापरायचा झकास गॉगल होतो. कारखान्यात माझी चौकट साच्यातून निघाली, वारा खेळावा म्हणून तिला वरखाली बारीक भोकं पाडली गेली आणि मला दोन भिंगं मिळाली. एक गडद, लख्ख उन्हासाठी. दुसरं पिवळं, ढगाळ दिवसासाठी. माणसाला जन्माला एकच डोळ्यांची जोडी मिळते, मला दोन मिळाल्या, याचा मला भारी ताठा होता.

दुकानात तो ताठा उतरला. माझ्या शेजारी आरशासारखा चमचमणारा एक गॉगल होता. येणारा प्रत्येक जण त्यालाच उचलायचा आणि स्वतःचं तोंड पाहून खूश व्हायचा.

एके दिवशी एक नर्स आली. डोंगरातल्या दवाखान्यात ती नुकतीच लागली होती. तिला सगळे ताई म्हणत. बरोबर तिचे वडील होते, आबा. जन्मभर त्यांनी रस्त्यावरचा बर्फ हटवायचं यंत्र चालवलं होतं. ताईनेही आधी त्या चमचमत्यालाच हात घातला.

"दिसतोय छान," दुकानवाल्या काकू म्हणाल्या, "पण चष्म्यावरून लावून बघ बरं."

ताईचा चष्मा जाडजूड. त्याच्या काड्या दाबल्या गेल्या आणि ती "आई गं!" म्हणून कळवळली. मग काकूंनी मला उचललं. माझ्या दोन्ही बाजूंना काड्यांसाठी खाचा आहेत.

"आता हेल्मेट घाल. हस. खाली वाक. कपाळाशी फट राहते का? नाक दबतंय?"

"नाही काकू, अगदी मापाचा बसलाय."

"मग हाच तुझा. आणि घराबाहेर पडताना आधी आभाळ बघायचं. ऊन असलं तर गडद भिंग, ढग असले तर पिवळं. ढगात गडद लावलंस तर खड्डा आणि उंचवटा सारखेच दिसतील हो."

आबा गालातल्या गालात हसले. "आमच्या वेळी कुठं होती असली थेरं? डोळे बारीक केले की झालं. नाकापेक्षा मोती जड!"

"असू दे हो आबा, नाक माझंच आहे ना?" ताई म्हणाली, आणि मी तिच्याबरोबर घरी गेलो.

त्यानंतरचे हिवाळे माझ्या सुखाचे. ताई मला मऊ पिशवीत ठेवायची. कधी कपाळावर चढवायची नाही, कारण घामाच्या वाफेने मी आतून धुरकट होतो. दुसरं भिंग ती वेगळ्या खणात जपायची. मला बघितलं की वाटेवरची पोरं ओरडायची, "ताई आली, सुई आली!" आणि दाराआड पळायची.

मग तो दिवस आला. वरच्या वस्तीवर एक बाई अडली होती. तिला खालच्या इस्पितळात आणायला ताई बर्फगाडीने निघाली. आभाळ भरलं होतं. सगळीकडे पांढऱ्यावर पांढरं. माझ्या पिवळ्या भिंगातून ताईला बर्फावरची अंधूक सावली दिसली आणि ती ओरडली, "थांबव! पुढं घळ आहे!" गाडीवाल्या दादाने करकचून ब्रेक लावला. त्याच्या गडद गॉगलमधून तिथे सपाट मैदानच दिसत होतं.

वळसा घालून ते वर पोहोचले. बाईला गाडीमागच्या घसरगाडीत निजवलं आणि परत फिरले, तेवढ्यात ढग फाटले. ऊन असं पडलं की बर्फ पेटल्यासारखा दिसू लागला. ताईने माझं भिंग बदललं. पण खिंडीत वाऱ्याचा झोत आला आणि दादाचा गॉगल उडून थेट दरीत गेला.

"ताई, मला डोळे उघडता येईनात!"

ताईने क्षणभर त्या कण्हणाऱ्या बाईकडे पाहिलं. मग मला काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "हा लाव. गाडी तुला चालवायची आहे."

"आणि तुम्ही?"

"मी ओढणी गुंडाळते. चल, वेळ घालवू नकोस."

दादाच्या रुंद तोंडावर मी कसाबसा बसलो. नाकाशी फट राहिली, पण वाट दिसली. मागे ताईने डोळ्यांवर ओढणी बांधली खरी. पण बाईने हाक मारली की ती वर करावीच लागे. नाडी बघायची, धीर द्यायचा. ती बंद डोळ्यांनी कशी बसणार?

बाई वेळेवर पोहोचली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. ताईचे डोळे मात्र संध्याकाळपर्यंत वाळू भरल्यासारखे खुपू लागले. डॉक्टरांनी औषध घालून पट्टी बांधली. "बर्फाच्या उन्हाने भाजलेत. बरे होतील, पण अंधारात पडून राहायचं."

आबांनी पडदे ओढले. ओल्या कापडाच्या घड्या बदलल्या, घास भरवले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "पोरी, माझ्याही डोळ्यांना असंच व्हायचं गं. कित्येक हिवाळे असेच गेले. म्हणून तर आता मला धड दिसत नाही. आणि तुझ्या गॉगलला थेरं म्हणालो मी."

ताईने चाचपडत त्यांचा हात धरला.

ती झोपल्यावर आबांनी मला मांडीवर घेतलं. गडद भिंगावर डाग होते. पोरगी उठेल तेव्हा लख्ख दिसावं म्हणून त्यांनी साबण लावला आणि सदऱ्याच्या टोकाने मला आतून घासघास घासलं. मित्रांनो, माझ्या आतल्या बाजूला वाफ धरू नये म्हणून नाजूक लेप असतो. तो मऊ कापडाने नुसता टिपायचा, घासायचा नाही. त्या माऊलीला हे कुठून ठाऊक असणार? लेप निघाला, भिंगावर चरे उमटले.

पट्टी सुटल्यावर ताईने मला उजेडात धरलं. आबा शेजारीच उभे होते. "कसा झालाय?"

"आरशासारखा, आबा."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच काकूंकडे गेली. "याला नवं गडद भिंग बसवा. कामावर असं चालायचं नाही. पण जुनं मला परत द्या."

"कशाला? कचराच की तो."

"राहू दे," ताई म्हणाली.

आता आबा नाहीत. ताई निवृत्त झाली आणि मी खिडकीजवळच्या खुंटीला आलो. म्हणून सांगतो, मित्रांनो, बर्फात जाल तेव्हा आपल्या चेहऱ्याच्या मापाचा गॉगल घ्या, आभाळ बघून भिंग लावा, आणि आम्हाला आतून कधी घासू नका.

पण तुमच्या घरी कुणी न कळून घासलाच, तर रागावू नका. ते चऱ्यांचं भिंग ताई अजून कधीकधी उन्हात धरते. त्यातून बाहेरचं काही नीट दिसत नाही. तरी ती बराच वेळ बघत बसते.