ढेकळ्याला नव्या घरी पोचवताना

मित्रांनो, मी एक जुनी, करड्या रंगाची गेमची कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे हं! हातात मावणाऱ्या गेमच्या पाठीत बसणारी. माझ्या पोटात अख्खं रान आहे आणि त्यात दीडशे चित्रविचित्र प्राणी. गोळा टाकून त्यांना पकडायचं, नाव द्यायचं, वाढवायचं. कोणी कोणाला पकडलं हे मी लक्षात ठेवते, ते पोटातल्या बटणाएवढ्या सेलच्या जोरावर.

मी नवी होते तेव्हा माझी मालकीण नऊ वर्षांची होती. तिचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. एकदा ती तापाने झोपून होती, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नाही असं पाहून बाबांनी मला चालू केलं. आमच्या खेळात एक हमखास गोळा असतो. त्यातून कुणी म्हणता कुणी सुटत नाही, पण तो मिळतो एकदाच. लेकीने तो रानाच्या राजासाठी जिवापाड जपला होता. बाबांनी तो टाकला एका गांडुळावर! वर त्याचं नाव ठेवलं, ढेकळ्या.

“बाबा, तो एकच होता!” लेक रडून लाल झाली.

“बिचारं एकटंच फिरत होतं गं,” बाबा कानकोंडे होऊन म्हणाले.

दोन दिवस तिने अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मात्र इरेला पेटून ढेकळ्यालाच वाढवायला घेतलं. महिन्याभराने त्याने रानाच्या राजाला लोळवलं. काय माझी ऐट होती तेव्हा! शेजारपाजारची मुलं मला बघायला यायची.

मग नवे गेम आले आणि मी खणात गेले. सोबतीला तुटका कंगवा आणि सुटे स्क्रू. वर्षं गेली. कुणी विचारलं नाही, याचं वाईट वाटायचंच.

परवा दुपारी खण उघडला. मालकीण, तिची लेक आणि बाबा, आता थकलेले आजोबा झालेले!

“आई, तुझा ढेकळ्या माझ्या गेममध्ये आण ना,” नात म्हणाली.

आजोबांनी माझा सेल तपासला. “हा आज-उद्याचा सोबती आहे. आणि बदलला की आतलं सगळं पुसलं जाईल. काय करायचं ते आत्ताच करा.”

पण आमच्या पिढीचा प्राणी थेट नव्या गेममध्ये जात नाही. आधी मधल्या पिढीच्या गेममध्ये उतरवावा लागतो. तिथून परतीची वाट नाही. त्यात दोन गेम जोडणाऱ्या वायरचं टोक सैल. मध्येच निसटलं तर ढेकळ्या ना इकडचा ना तिकडचा! आजोबांनी ते टोक चिमट्याने धरलं. त्यांचे हात आताशा थरथरतात, पण तेवढा वेळ जराही हलले नाहीत. माझा जीव टांगणीला लागला होता. ‘जा रे बाळा,’ मी मनात म्हटलं.

अखेर मधल्या गेममधून पुढे सरकत नव्या पडद्यावर ढेकळ्या वळवळला. नातीने त्याची माहिती वाचली; कोणत्या गोळ्याने पकडलं, हेही त्यात होतं. “आई, एवढा भारी गोळा या गांडुळावर कुणी वाया घालवला?”

मालकिणीने आजोबांकडे पाहिलं. “वाया कसला? हमखास गोळा होता, म्हणून तर अजून आपल्याकडे आहे.”

आजोबांनी चष्मा पुसला आणि माझ्यासाठी नवा सेल शोधायला घेतला.

मित्रांनो, जुनी वस्तू खणात टाकाल, तेव्हा तिच्या पोटात कुणी राहत नाही ना, एवढं बघा. आजोबांनी मला नवा सेल बसवला आहे. माझं रान आता कोरं आहे आणि ते स्वतः खेळायला बसतात.

“आजोबा, हमखास गोळा राजासाठीच ठेवायचा हं!” नात बजावून गेली आहे.

आजोबा हो म्हणालेत. पण काल एक गांडूळ दिसलं, तेव्हा ते बराच वेळ तिथेच थांबले होते.