पांढऱ्या खांबापाशी

शनिवारी सकाळच्या बोटीतून काठी टेकत उतरलेल्या म्हाताऱ्याला मी चालीवरून ओळखलं. त्याने मला ओळखलं नाही. का ओळखावं? छत्तीस वर्षांपूर्वी मी एकोणीस वर्षांची लालबुंद गालांची पोर होते, आणि तो थॉर्नली साहेब होता, बेटाच्या मालकाच्या सगळ्या जमिनीचा कारभारी. आता मी धक्क्यावर भाड्याची गाडी घेऊन उभी राहणारी जाडी बाई आणि तो नुसता म्हातारा.

"दिवसभर बेट फिरवाल का? सावकाश, काही घाई नाही," तो म्हणाला. "फक्त साडेचारची बोट चुकवू नका."

"बसा साहेब," मी म्हटलं. आणि चाक घट्ट धरलं.

आमच्याकडचा रस्ता एका गाडीपुरता. मधूनमधून कडेला थोडी रुंद जागा केलेली असते आणि तिथे पांढरा खांब. समोरासमोर दोन गाड्या आल्या की खांब ज्याच्या जवळ, त्याने मागे जायचं. दुसऱ्याने जाताना हात वर करायचा. हे शिकवावं लागत नाही. भाऊ भावाशी बोलत नसेल, तरी त्याला वाट देतो.

थॉर्नलीने दिली नव्हती. त्या शनिवारी बाबांच्या पोटात असह्य दुखत होतं आणि त्यांना मागच्या सीटवर आडवं करून मी साडेचारच्या बोटीकडे निघाले होते. खिंडीत समोरून हा आला. खांब त्याच्या मागे दहा पावलांवर, माझा अर्धा मैल मागे, चढावर, भुरभुरत्या बर्फात. मी उतरून सांगितलं, बाबा आजारी आहेत. याने काच वर केली आणि वर्तमानपत्र उघडलं. मी मागे गेले. वळणावर चाक चरात उतरलं. शेजारच्या लॅकीने ट्रॅक्टर आणून गाडी ओढली, तोवर बोट गेली होती. मागून वादळ आलं, हेलिकॉप्टर उडालंच नाही. रविवार देवाचा, त्या दिवशी आमच्याकडे बोट नसते. रविवारी दुपारी तीनला बाबा गेले.

तर मी त्याला फिरवलं. पांढऱ्या वाळूचा किनारा दाखवला, सील दाखवले. मालकाच्या मोठ्या घराच्या फाटकाशी तो डोळे पुसत उभा राहिला. "सुखाचे दिवस होते," म्हणाला. "इथली माणसं गोड. जरा आळशी, पण गोड."

"हो ना," मी म्हटलं. पुढचं गिळलं.

मग वाटेत त्याने सांगितलं, दुसऱ्या दिवशी त्याचा मुलगा बायकामुलांना घेऊन ऑस्ट्रेलियाला कायमचा चालला होता. नऊ वर्षं बापलेकांत अबोला. आता मुलाने कळवलं होतं, दुपारी बाराला विमान आहे, यायचं तर निरोपाला या. दोन नातवंडं त्याने अजून पाहिली नव्हती. त्याने मला त्यांचा फोटो दाखवला. मुलीचे पुढचे दात पडलेले होते.

फोटो पाहून माझं मन जरा द्रवलं, खोटं कशाला बोलू. पण उत्तरेकडून परतताना खिंड दिसली आणि हा हसायला लागला.

"इथे एकदा गंमत झाली होती. एक पोरगी आडवी आली. म्हटलं, बघू कोण हटतं ते! अर्धा मैल मागे पिटाळली तिला. क्लबात हा किस्सा मी वर्षानुवर्षं सांगायचो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. छत्तीस वर्षं मला वाटत होतं, निदान त्याला कुठेतरी टोचत असेल. याने त्याचा विनोद केला होता.

वाटेतल्या चहाच्या दुकानात त्याला स्कोन, आमचा गोडसर पाव, खायला बसवलं आणि मी आतून लॅकीला फोन लावला.

"लॅक्या, मेंढ्यांच्या खाद्याची गाडी काढ. चार वाजता खिंडीत, त्याच जागी समोर ये. आणि हलू नकोस."

"कोण आहे गाडीत?"

मी सांगितलं. 

"येतो," तो म्हणाला.

चारला तो आला. नाकासमोर नाक लावून आम्ही उभे राहिलो. लॅकीने पाइप पेटवला. मी विणकाम काढलं.

"त्याचा खांब मागेच आहे!" थॉर्नली ओरडला. "नियम आहे तुमच्याकडे! हाकला त्याला!"

"बघू कोण हटतं ते," मी म्हटलं.

तो वळून माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळायला लागलं होतं. काठी हातातून निसटली.

तेवढ्यात लॅकीच्या मागे हॉर्न वाजला. नर्स इशबेल! खिडकीतून निम्मी बाहेर येऊन ती ओरडली, "एफी, तुझी विणायची हौस घरी! म्हातारी मेरीअॅन जिन्यावरून पडलीय, वाट सोड!"

लॅकीच्या मागच्या जागेत दोन गाड्या मावत नाहीत, हटायचं मलाच होतं. वर्तमानपत्र उघडून बसलेली आता मी होते. विणकाम फेकलं आणि तो अर्धा मैल, चढावर, वळणावरून, मी अशी मागे गेले की माझी मीच चकित झाले. इशबेल हात वर करून गेली. लॅकी माझ्या खिडकीशी थांबला.

"वीस मिनिटं आहेत अजून," तो हळूच म्हणाला. "घाल त्याला बोटीत, एफी. भीती बसली तेवढी पुरे."

"तू जा घरी, लॅक्या."

तो गेला. रस्ता मोकळा होता. मी गाडी पुढे घेतली, खिंडीत, त्याच जागी आणली, आणि इंजिन बंद केलं. समोर आता कुणी नव्हतं.

"बाई," थॉर्नली म्हणाला, "माझी नातवंडं..."

"ऐकलं मी."

खिंडीत फोन लागत नाही. धक्का तीन मैल. त्याने दार उघडलं, काठीवर चाळीस पावलं चालला, परत आला. रडला. मी समोर बघत राहिले. साडेचारला बोटीचा भोंगा डोंगराला आपटून आला, आणि मला छातीवरची धोंड उतरल्यासारखं वाटलं.

मग गाडी सुरू केली आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. छत्तीस वर्षं मी मनात हा भोंग्यापर्यंतचाच खेळ मांडत आले होते. पण आमच्याकडे ज्याच्या गाडीत माणसाची बोट चुकते, त्याच्याच घरी तो सोमवारपर्यंत राहतो. धक्क्यावर कुणाला विचारलं असतं, तर तेच ऐकावं लागलं असतं, "तुझा पाहुणा, एफी." घरात खोल्या दोन. एक माझी.

दुसऱ्या खोलीत मी त्याला नेलं. खाट, खुर्ची, भिंतीवर घड्याळ.

"याच खाटेवर होते बाबा," मी म्हटलं. "रविवारी दुपारी तीनपर्यंत."

तो खुर्चीतच बसला. खाटेला त्याने हात लावला नाही. फार वेळाने म्हणाला, "नाव काय होतं त्यांचं?"

"टॉर्कल. त्यांनाही साडेचारचीच बोट हवी होती."

रविवारी आम्ही काम करत नाही, गाडी काढत नाही, रेडिओ लावत नाही. शनिवारी करून ठेवलेलं सूप त्याच्यापुढे ठेवलं, त्यावर साय धरली. बारा वाजले तेव्हा त्याने फोटो पालथा घातला. मी समोर हात मांडीवर ठेवून बसले होते. एक वाजला, दोन वाजले. आम्ही दोघं घड्याळ ऐकत होतो. मला बरं वाटत होतं, अगदी मनापासून बरं वाटत होतं.

तीनपर्यंत. तीनचे ठोके पडले, आणि खोलीत बाबा नव्हतेच. एक म्हातारा रडत होता, आणि सोमवारची बोट यायला अजून सोळा तास होते.