खिडकीतलं पिवळं तावदान

"आजी, हे पिवळं काढून फेकू ना?" नवी काच बसवायला आलेल्या धम्मदीपनं स्टुलावर चढून पक्कड हातात घेत विचारलं.

"फेक गा, फेक एकदाचं," सिंधूताई म्हणाल्या. "सारा जनम बोंबलली मी, काच बसवा म्हणून. यायनं काही बसवली नाही. आता हेच नाही राहिले, तं कोनाची वाट पाहू?"

पूर्वेकडच्या खिडकीचं ते तावदान फुटलं त्याला जमाना झाला होता. मधुसूदनरावांनी त्या जागी स्टुडिओतली एक पारदर्शक शीट खिळ्यांनी ठोकून दिली होती. ऊन खाऊन खाऊन ती पिवळी पडली, कडा वळल्या, येणारेजाणारे नाक मुरडू लागले. मधुसूदनराव म्हणायचे, बसवू की, घाई काय आहे. घाई न करताच ते पौषात गेले.

धम्मदीपनं पहिला खिळा उपटला तोच फाटक वाजलं. आधी फोन करून गार्गी आली होती. ती कॉलेजात शिकवायची आणि कार्टूनपटांच्या सुरुवातीच्या दिवसांवर पुस्तक लिहीत होती. अमेरिका झाली, जपान झालं, रशिया झाला, आणि मग कोणीतरी तिला सांगितलं, अगं, काखेत कळसा आणि गावाला वळसा, तुझ्या नागपुरातच एक माणूस चित्रं चालवत होता.

घरात धड खुर्ची एकच, खिडकीसमोरची, बुटकी. मधुसूदनरावांची. सिंधूताईंनी पाहुणीला तीत बसवलं, चहा दिला आणि आपण दिवाणावर टेकल्या.

"आजोबांचं एखादं चित्र तरी असेल ना?" गार्गीनं विचारलं.

"कायचं असन वं? धुतले ना सारे."

"कोणी?"

"मीनंच."

मग त्यांनी सांगितलं. लकडगंजात लाकूड कापायच्या आरा मशीनच्या वरच्या माडीवर स्टुडिओ होता. सिनेमाआधी दाखवायच्या जाहिराती तिथे व्हायच्या. मधुसूदनराव कागदावर काढायचे, सिंधूताई ते शाईच्या टोकदार टाकानं शीटवर उतरवून रंग भरायच्या. माणसानं नुसती मान वळवायची म्हटली तरी चित्रांचा ढीग पडायचा. एकेका चित्राचा कॅमेऱ्यानं फोटो घेतला की त्याचं काम संपलं. शीट मुंबईहून यायच्या, महाग. म्हणून फोटो झाला की शीट टबात. साबणाच्या पाण्यात धुवायच्या, दोरीवर वाळवायच्या, त्यांच्यावरच पुढचं चित्र.

"सगळीकडे हेच झालं, आजी," गार्गी म्हणाली. "बाहेरच्या देशांतसुद्धा धुवून परत वापरायचे. किती जणांची चित्रं अशी पाण्यात गेली. बरं, फिल्म तरी?"

"डबा खोलला तं सिरक्यासारखा वास आला. चिकटून गोळा झाला होता तिचा."

गार्गीनं कप खाली ठेवला. पुढचं सांगायचं सिंधूताईंनी ठरवलं नव्हतं, पण आलं ते ओठावर.

"आखरी जाहिरात केसाच्या तेलाची होती. दोन वेण्यांची पोट्टी धावते अन् शेवटी वळून पाहते. त्याच्यासाठी यायनं आमच्या गोपिकेले अंगनात धावाले लावलं. पाहत जायचे, काढत जायचे. धावनं झालं, वळनं राहिलं. अन् तिले मेंदूज्वर झाला."

धम्मदीपची पक्कड थांबली, मग पुन्हा हळू चालू झाली.

सुतक फिटलं आणि दुसऱ्याच दिवशी मधुसूदनराव टेबलाशी बसले. तेलवाला मागे लागला होता, हे खरं. पण सिंधूताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी गेली अन् तुम्हाले चित्रं सुचून राहिली? त्या बोलेनाशा झाल्या. शेवटच्या चित्रांवर टाकही मग मधुसूदनरावांनीच ओढला. शीट टबाशी आल्या की सिंधूताई मान फिरवून धुवायच्या, पाहायच्या नाहीत. एक शीट मधुसूदनरावांनी वेगळी, कापडाखाली झाकून ठेवली होती. सिंधूताईंनी तीही ढिगात घेतली आणि घासून काढली. कशासाठी झाकली, हे विचारायचंही सुचलं नाही.

"हे आले. टेबल पाह्यलं, टब पाह्यला. पानी रंगीत झालं होतं. म्हनले, स्वच्छ धुतलीस. बस, एवढंच. ती ओलीच शीट दोरीवरून काढून घेऊन गेले. पुन्हा कधी चित्र चालवलं नाही. शाळेत ड्रॉइंग शिकवत राह्यले."

"गोपिकेचा फोटो?"

"एक काढला होता. त्यात हलली ते."

गार्गीची नजर खिडकीवर खिळली होती. ती त्यांच्याकडे पाहतच नव्हती. ऊन शेजारच्या टाकीवर चढून खिडकीत आलं होतं.

"दादा, थांबा," ती म्हणाली. "तो खिळा काढू नका."

ती उठली, सिंधूताईंचा हात धरून तिनं त्यांना खुर्चीत बसवलं. इतक्या वर्षांत सिंधूताई त्या खुर्चीत कधी बसल्या नव्हत्या. रोज सकाळी याच वेळी त्या तीत बसलेल्या मधुसूदनरावांना चहा आणून द्यायच्या, उन्हाकडे पाहून डोळे फोडा, असं पुटपुटायच्या आणि स्वयंपाकघरात परत जायच्या.

रंग पाण्यात जातो, पण टाकाचा ओरखडा शीटवर राहतो. तिरप्या उन्हात ते ओरखडे उजळले होते. दोन वेण्या, एक खांद्यावर आलेली. वळलेली हनुवटी. पोरगी थेट खुर्चीकडे पाहत होती.

सिंधूताईंनी तोंडाला पदर लावला. एक हाक मारली असती या माणसानं. एवढ्या वर्षांच्या सकाळी गेल्या, एकदा तरी म्हणायचं, इकडे येऊन बस. पण हाक मारली असती तर आपण आलो असतो का, हे त्यांनाही सांगता येईना.

"मंग आजी, काच?" धम्मदीपनं हळूच विचारलं.

"काच ने वापस. काढलेले खिळे ठोकून दे."

गार्गीनं मोबाइल काढला होता. सिंधूताईंनी मान हलवली. "उद्या ये वं. आज मले पाहू दे."

दोघं गेली. ऊन वर सरकलं तशी वेणी पुसट झाली, मग हनुवटी, आणि शेवटी नुसती पिवळी, धुळकट शीट उरली. नवी काच पुसायला म्हणून भिजवलेलं फडकं खिडकीच्या कट्ट्यावर पडलं होतं.

"नाक चुकलं तुमचं," सिंधूताई खुर्चीच्या हाताला म्हणाल्या. "तिचं जरा बसकं होतं." आणि मग त्या रडल्या, पोरगी गेली तेव्हा रडल्या नव्हत्या तशा.

उठताना त्यांनी ते ओलं फडकं उचललं, आणि खिडकीला न लावता मोरीत नेऊन पिळून टाकलं.