दगडावर शामचं नाव

ज्या होळीला माझ्या नातवाच्या, शामच्या, मुलाची धुंड झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या तांड्यात वर्षभरात मुलगा जन्मला की धुळवडीला त्याची धुंड होते. पोरं बाळावर आडवी काठी धरतात आणि तिच्यावर काठ्या वाजवत गाणी म्हणतात. बापाला तिथं असावंच लागतं. शाम होता. त्याचा धाकटा भाऊ ओम नव्हता. दोघंही यवतमाळला आग विझवायच्या गाडीवर कामाला. आज ओमची पाळी आहे, असं आम्हाला सांगितलं होतं.

दुपारी यवतमाळजवळच्या लोहारा गावात कापसाच्या गोदामाला आग लागली. ओम आणि त्याच्या गाडीवरच्या रामलालनं दोन हमाल बाहेर काढले. तिसऱ्यासाठी दोघं पुन्हा आत गेले आणि छत कोसळलं.

पुढच्या वर्षी तिथल्या व्यापाऱ्यांनी दोघांच्या नावानं चौकात दगड उभा केला. शाम, मी आणि ओमची बायको संगीता पुढच्या खुर्च्यांवर बसलो होतो. संगीतानं सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. "पोरगी मोठी झाली का इथं आणून बापाचं नाव दाखवीन," एवढंच ती म्हणत होती.

मागून तांड्यातली धुरपताबाई म्हणाली, "रुपीबाई, चष्मा लाव. पाहुण्याचंच नाव मोठं लिवलं असंल."

पडदा सरकला. मी म्हातारपणी अक्षरं शिकले, तीही ओमकडून. त्यामुळे बोट ठेवूनच वाचता येतं. उठून दगडापाशी गेले. वर रामलालचं नाव. त्याच्या खाली, शाम डोंगरसिंग राठोड.

पुन्हा बोट फिरवलं. तेच. वळून पाहिलं तर शाम खुर्चीत बसलेला. संगीता माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. तिनंही वाचलं.

"त्या दिवशीच्या फोटोवरून नावं घेतली, आजी," एक व्यापारी म्हणाला आणि त्यानं मोबाइल पुढं केला. ओम गाडीजवळ हसत उभा होता. गालावर गुलाल. शर्टावरच्या नावाच्या पट्टीवर नाव होतं शामचं.

"शाम्या, त्यानं तुहा शर्ट काहून घातलता रे?"

शाम खाली बघत म्हणाला, "पाळी माही होती, दादी. साहेब सुट्टी देत नव्हते. ओम म्हणे, धुंडीले बाप पाह्यजे, तू जाय. शर्टात कोण हाय, कोण पाह्यते? गाडीवरच्यायले ठाव होतं. त्यायनं मागून वहीत पाळी ओमची लिवली, कोणीच बोललं नाही."

"वर्षभर माह्या हातचं जेवले, भाऊजी," संगीता म्हणाली. "एक शबूद नाही काढला."

शाम व्यापाऱ्याकडे वळला. "नाव बदलू नका. मीच मेलो असं समजा."

"जीव त्याचा गेला. आता नावही तुम्हीच घेता काय?" संगीता म्हणाली.



तेवढ्यात माइकवरून माझं नाव पुकारलं. घरच्यांनी दोन शब्द बोलावेत म्हणे. धुरपताबाईनं माझा पदर ओढला. "चूप राय. पोराची नोकरी जाईन."

मी शामकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. "सांग, दादी," तो म्हणाला.

 संगीतानं माइक माझ्यापुढं धरला आणि मी बोलले.

"हे नाव चुकलं हाय. शाम जिता हाय, तो पाहा बसला. आगीत मेला तो माहा नातू ओम डोंगरसिंग राठोड. दोन हजार चोवीसच्या धुळवडीले, पंचवीस मार्चले."