तोंडात गोणपाट

मी निरगुडसरच्या गेणूच्या खुराड्याचा झरोका बोलतोय. तोंडात गोणपाटाचा बोळा आहे, त्यामुळं आवाज दबका येतोय, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म गेणूच्याच हातचा. आधी हे खुराडं म्हणजे नुसती विटांची पेटी. वर पत्रा, पुढं दार. ओल आणि विष्ठेचा उग्र वास आतच कोंडायचा, कोंबड्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं. एक दिवस गेणूनं पत्र्याखालच्या चार विटा काढल्या, बिबट्याचा पंजा शिरू नये म्हणून दुहेरी जाळी ठोकली आणि बायकोला हाक मारली, "कुशे, नाक घालून बघ. हाय का वास?" कुशाबाईनं नाक घातलं आणि हसली. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला लई ऐट आली होती.

आत ठिपकी नावाची कोंबडी राहते. कुशाबाईचं माहेर तळेघरचं. आई गेली तेव्हा भावांनी भांडी वाटून घेतली, हिनं आईची एक कोंबडी पदराखाली धरून आणली. ठिपकी तिची नात. त्या वंशातली आता ही एकटीच, म्हणून यंदा कुशाबाईनं तिला अंड्यांवर बसवली. "माज्या आईचं येवढंच ऱ्हायलंय बघ," असं ती ठिपकीला सांगायची, ते मी ऐकलंय.

पौषात थंडी पडली आणि ठिपकी शिंकली. शेजारच्या साळुबाई दारात येऊन म्हणाल्या, "वारं लागलंय तिला. ते भोक बुजवा आदी." झालं. ज्या गेणूनं मला घडवलं, त्यानंच माझ्या तोंडात गोणपाट कोंबलं. अरे, वास कुठून जायचा हे तुला ठाऊक होतं ना?

मी बंद झालो आणि खालचा भुसा ओला, चिकट झाला. तो जुना वास परत आला. ठिपकीला धाप लागली. धाप वाढली तसं गेणूनं दाराच्या फटीतही चिंध्या भरल्या. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. वर पुन्हा चारचौघांत सांगत सुटला, "त्या झरोक्यानंच घात केला राव. उगा पाडला." हे मात्र मला फार लागलं. तोंड बंद केलेल्याच्या माथी काहीही मारता येतं.

आज सकाळी कुशाबाई दाणे घेऊन आत वाकली. तिला ठसका लागला, डोळे चोळतच ती बाहेर आली. "आत जीव गुदमरतोय बाई," म्हणाली आणि आंब्याखाली बसून तिनं पोटभर हवा घेतली. ठिपकीला अंडी सोडून उठता येत नाही. ती तिथंच चोच उघडी टाकून बसली आहे. तिच्या पोटाखालच्या एका अंड्याला तडा गेलाय, आतून टोच मारल्याचा आवाज येतोय.

बाहेर गेणू घमेल्यात सिमेंट कालवतोय. "आता कायमचं बुजवतो," म्हणतोय. आणि पाणी कोण ओतून देतंय? कुशाबाईच.

कुशाबाई, तो तांब्या जरा खाली ठेव. हा बोळा काढ आणि पहिल्या दिवशी घातलं होतंस तसं एकदा नाक घालून बघ. तुझ्या आईचं पिल्लू बाहेर यायला निघालंय, त्याचा पहिला श्वास तरी बरा असू दे.