पाहुण्याचे पाणी

पुंजाजींनी तांब्यातला पहिला घोट तोंडात घोळवला आणि अंगणात चूळ टाकली. दुसरी टाकली, तिसरीही टाकली. मग ओट्यावर पूर्वाभिमुख मांडी घालून उरलेले पाणी ते डोळे मिटून, घोटाघोटाने, प्रसादाच्या भावाने प्राशन करू लागले. सूर्योदयाला अवकाश होता. गोठ्यात जावई इंद्रभान बैलांना कडबा टाकीत होता आणि लेक आशा भरलेला दुसरा तांब्या घेऊन चौकटीशी उभी होती.

"तू पेली?"

"पेते ना आबा, मंग."

"मंग कवा? सकायचं पानी म्हनजे औषध. आता तं दोन जिवाची हायेस तू."

आशा नुसती हसली. तिच्या खालच्या ओठावरची चीर त्या हसण्याने ताणली गेली, हे पुंजाजींच्या नजरेतून सुटले नाही.

हा नेम त्यांनी मोठ्या दुःखातून मिळवला होता. काही वर्षांपूर्वी मुतखड्याने त्यांना असे लोळवले होते की जळगाव जामोदच्या घरी शेजारीपाजारी अंगणात येऊन बसले होते. तिथल्या वृद्ध वैद्यांनी पुड्या दिल्या, आणि पुड्यांहून अधिक निष्ठेने पाळायचा नेम दिला : उषःकाली तांब्याच्या भांड्यातले पाणी, जेवणाआधी थोडे, कामावरून आल्यावर घाम निवला की पुन्हा, उभ्याने नाही, घटाघटा नाही, तहानेची वाट पाहत तर मुळीच नाही. पुंजाजी मिरचीवांग्यांचा मळा करीत. विहिरीला सातपुड्याच्या पायथ्याचे गोड झरे होते. नेम पाळायला त्यांना कधी काही कमी पडले नाही, आणि दुखणे पुन्हा फिरकले नाही. तेव्हापासून ज्याच्या घरी जात त्याला ते हा नेम सांगत.

वरवट बकालला, लेकीच्या सासरी, ते चार दिवसांसाठी आले होते. अखाजीच्या सणानंतर तिला बाळंतपणासाठी न्यायचे ठरले होते. पण मन राहवेना, म्हणून आधीच भेटीला आले.

"इवाई, तुमच्या पोटात मोट चालते काय?" व्याही किसनराव गोठ्याकडून येत म्हणाले.

"हसा, हसा. मुतखडा झाला म्हनजे समजन तुमाले."

"नाही बॉ, बरोबरच हाय तुमचं. पेलं पायजे मानसानं."

किसनराव हे म्हणाले खरे, पण त्यांची दृष्टी अंगणातल्या ओल्या डागावर होती. त्यांची बायको बनाबाई सडासारवणासाठी बाहेर आली होती; तीही क्षणभर त्या डागापाशी थबकली आणि काही न बोलता पुढे झाली. अशी तुटक माणसे पुंजाजींना रुचत नसत.

त्या दिवशी ते लेकीवर लक्ष ठेवून राहिले. दळण झाले, भाकरी झाल्या, चुलीच्या धगीने तिचा चेहरा लाल झाला. पण तिच्या हाती पाण्याचा गिलास काही दिसला नाही. दुपारी पुरुषांची पंगत बसली. वाढता वाढता आशा एकाएकी थांबली आणि तिने दाराची चौकट धरली. परातीतली भाकरी खाली घसरली.

पुंजाजींनी हातातला घास ताटात ठेवला.

"इहीनबाई," ते चुलीच्या दिशेने म्हणाले, "माह्या लेकीच्या ओठाले चिरा पडल्या. पोटुशी बाई, अन् दिवसभर तिच्या हातात पानी दिसत नाही. तुमच्या घरी पान्यालेबी आडकाठी हाय काय?"

"इवाई, आयका तं—" किसनराव म्हणाले.

बनाबाईने हात वर करून नवऱ्याला थांबवले. ती आशाकडे पाहत होती आणि आशा तिच्याकडे. आशाची मान अगदी किंचित, नकारार्थी, हलली. बनाबाईने पदर सारखा केला.

"चुकलं आमचं," ती म्हणाली. "ध्यान ठेवाले पायजे होतं."

ती वाद घालती तर पुंजाजींचा राग कदाचित तिथेच ओसरला असता. त्या कबुलीने तो भडकला.

"आता ध्यान ठेवाचं कामच नाही. उद्याच्या मोटारीनं मी तिले घेऊन चाललो!"

इंद्रभान ताटावरून उठला आणि बाहेर गेला.

दुपार कलल्यावर पुंजाजींना जाग आली ती घशाला पडलेल्या कोरडीने. लेक माजघरात पडली होती. तिला उठवू नये म्हणून ते स्वतःच आत गेले. घडवंचीवर दोन मडकी होती. एक लहान, तोंडाला स्वच्छ पांढरे फडके बांधलेले. दुसरा मोठा रांजणासारखा माठ. हाताशी होता त्या माठात त्यांनी गिलास बुडवला आणि तोंडाला लावला.

पाणी जिभेवर टिकेना. मिठाचा खडा विरघळावा तशी त्याची चव होती, आणि मागाहून कडवटपणा घशाशी चढत होता. माठात काही पडले असावे असे वाटून त्यांनी आत डोकावले. पाणी निर्मळ होते. त्यांनी आणखी एक घोट घेतला.

"आबा, ते तुमचं नोहे."

आशा उठून बसली होती.

"हे कोनाचं मंग?"

"घरच्याइचं."

"समदे हेच पेतात?"

"हाव. साऱ्या गावच्या विहिरीले असंच पानी हाय. नवं राज्य झालं, आता नळ येईन म्हनतात. तवर गोडं पानी गाडीवर पिंप ठेवून डोंगराकडून आनतात हे."

या भागातले पाणी खारे असते हे पुंजाजींनी ऐकले नव्हते असे नाही. पण सोयरीक जुळवताना याच ओट्यावर त्यांना गोड पाणी मिळाले होते, आणि त्या एका तांब्यावर त्यांनी या घराची विहीर गोडी ठरवून टाकली होती. त्यांनी विचारले नव्हते. पाहुण्याला पाजलेल्या पाण्याची कथा या घरच्यांनीही सांगितली नव्हती.

"अन् हे लहान मडकं? पाहुन्याचं?"

आशा पदराच्या टोकाशी चाळा करीत राहिली.

"माह्यं हाय ते," अखेर ती म्हणाली. "नर्सबाईनं सांगतलं, हिले खारं पाजू नका. तवापासून आत्याबाई त्याले कोनाले हात लावू देत नाही. मामंजीलेबी नाही. ताप आला होता त्याइले, तरी त्याइनं माठातलंच पेलं."

पुंजाजींनी फडके सोडले. मडक्याच्या तळाशी जेमतेम गिलासभर पाणी होते.

"दुपारी तिनं काऊन नाही सांगतलं मले? मी तिले इतकं बोललो."

"आत्याबाई तं परवापासून सांगतो म्हनून राह्यली होती. मीच हात जोडले. म्हनलं, माह्या मडक्यातलं पाजतो, नाही तं आबाचा नेम मोडन." तिचा आवाज खाली आला. "तुमाले त्या दुखन्यात जमिनीवर लोळतानी मी पाह्यलं हाय."

पुंजाजींनी मडके तिरपे केले, गिलास भरला आणि तिच्यापुढे धरला. आशाने दाराकडे एकवार पाहिले, मग गिलास दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्या उभ्याच, श्वास न घेता, सगळे पाणी पिऊन टाकले. हनुवटीवरून ओघळलेले थेंब तिने तळहाताने पुसले आणि तो तळहातही ओठांना लावला. पुंजाजींना तिकडे पाहवेना. त्यांनी मान वळवली.

दिवेलागणीच्या सुमारास इंद्रभान अंगणात गाडीवर रिकामे पिंप बांधीत होता. ठरल्या दिवसाच्या आधीच त्याला पाण्यासाठी गाडी काढावी लागत होती, हे कोणी बोलून दाखवले नाही. बनाबाई माजघरात सुनेची लुगडी घडी करून गाठोड्यात ठेवीत होती. पुंजाजी उंबऱ्याच्या अलीकडे येऊन उभे राहिले.

"इहीनबाई... लेकीले नेऊ काय?"

बनाबाईचे हात थांबले.

"दुपारी तं सांगून मोकये झाले, अन् आता इचारता?"

पुंजाजींनी मान खाली घातली. बनाबाईने गाठोड्याची गाठ हळूहळू मारली.

"न्या," ती म्हणाली. "मी तं पयलेच धाडनार होती. हेच म्हनत होते, अखाजी होऊ दे. तिथं तिच्या जिवाले बरं राहीन."

"तुमीबी या," पुंजाजी घाईने म्हणाले. "समदे या. उन्हाया संपेपर्यंत राहा."

"समदे आलो तं इवाई," ओट्यावरून किसनराव म्हणाले, "तुमची विहीर आटून मया वायून जाईन. आमी लय दिवसाचे तहानेले हावो!"

आशा खळखळून हसली. इंद्रभान हसला. बनाबाईनेही पदर तोंडाला लावला. पुंजाजींनी हसण्याचा यत्न केला, पण तो साधला नाही. आणि आपला चेहरा कोणाला दिसू नये म्हणून ते अंगणात उतरले, गाडीपाशी गेले आणि जावयाने आधीच आवळून बांधलेला पिंपाचा दोर पुन्हा पुन्हा ओढून पाहू लागले.