प्रवाहाच्या तोंडावर

"बाई, पंपाच्या नळ्या उलट्या जोडल्यात तुम्ही," प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले. "पेशी प्रवाहाविरुद्ध चालतील का कधी? गणिती मॉडेलमधून काढून टाका अशा उलट चालणाऱ्या पेशी."

कालव्यांची गणितं सोडून मी रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची वाट गणितात मांडायला आले, तेव्हापासून यांना माझं सगळं उलटंच दिसतं. मी वाद घातला नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत नळ्यांची अदलाबदल केली. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेच्या पट्टीतला प्रवाह फिरला. शेजारच्या पडद्यावर तळाला चिकटलेल्या पेशी थबकल्या, सावकाश वळल्या आणि पुन्हा प्रवाहाच्या तोंडावर, त्याच्या विरुद्ध चालू लागल्या.

"मॉडेलमध्ये हे बसत नाही," ते पुटपुटले.

"मॉडेल मी बदलते," मी म्हणाले आणि सूक्ष्मदर्शकासमोरची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "पेशींना समजवायचं तुम्ही बघा."